बिनधुराची बिअर

आमच्या खोऱ्यात नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य डोंगरामागे जातो, तो जानेवारी संपत आला तरी तोंड दाखवत नाही. या काळात माणसं मेंढीच्या फासळ्या खारवून टांगतात, एकमेकांच्या तब्येतीची चौकशी रस्त्याच्या पलीकडूनच करतात आणि नाताळची बिअर घालतात. फासळ्या मी दुकानातून आणल्या होत्या. चौकशी जमत होती. बिअर मात्र मी जन्मात कधी घातली नव्हती.

ती वडील घालायचे. मी फक्त प्यायचो, तीही नाताळाला ओस्लोहून घरी आलो तर. वडील एप्रिलमध्ये गेले. ओस्लोत मी सरकारी पत्रकं सोप्या भाषेत लिहून द्यायचं काम करत होतो. पत्रकं सोपी झाली; लोकांनी तरीही वाचली नाहीत. हे काम कुठूनही करता येतं हे कचेरीच्या लक्षात आलं आणि त्याच सुमारास, ते मी दुसरीकडून केलेलं बरं, हे माझ्या बायकोच्या लक्षात आलं. उन्हाळ्याच्या शेवटी सामान गाडीत टाकून मी वडिलांच्या घरी राहायला आलो. बावन्नाव्या वर्षी माणूस गावी येतो तेव्हा त्याला परतणं म्हणायचं की माघार, हे खोऱ्यातल्या लोकांनी ठरवायचं असतं. त्यांचं अजून ठरलं नव्हतं.

ठरलं नव्हतं हे मला कळत होतं, कारण सगळे माझ्याशी फार चांगलं वागत होते.

आमच्याकडे कोणी कोणाला अहो-जाहो करत नाही. पाद्र्यालासुद्धा अरे-तुरे चालतं. ज्याच्याशी अदबीनं वागतात तो पाहुणा. उन्हाळ्यात शहरातून येणारे लोक जे काही करतात त्याला खोऱ्यात 'छान' म्हणतात. त्यांनी घराला काळा रंग दिला, छान. अंगणात गरम पाण्याचं टाकं बसवून त्यात टोप्या घालून बसले, छान. सप्टेंबरात मी मागच्या उतारावरचं गवत कापलं, ते नको तेव्हा आणि नको तिथून, तेव्हा ओढ्यापलीकडचा ओड्विन कुंपणाशी थांबला आणि म्हणाला, "छान कापलंयस." ओड्विन शाळेत माझ्या वर्गात होता. त्यानं एकदा मला दप्तरासकट ओढ्यात ढकललं होतं. त्या माणसाच्या तोंडी हा शब्द ऐकून मी विळा खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही.

घराला गिऱ्हाईक होतं. ओस्लोचं एक जोडपं, दोघंही दातांचे डॉक्टर. घरं विकून देणाऱ्या कंपनीतली एक बाई अधूनमधून फोन करायची. तिचा आवाज नेहमी कापसात गुंडाळून ठेवल्यासारखा.

"त्यांना शांतता हवी आहे," ती म्हणाली.

"शांतता भरपूर आहे. हवी तर माझ्या वाटची पण देतो."

"हे मी त्यांना नक्की कळवते," ती म्हणाली, आणि बहुतेक तिनं कळवलंही.

नाताळाच्या आत हो की नाही ते सांगतो, असं मी कबूल केलं. मग मनाशी एक ठरवून टाकलं. बिअर घालायची. उपसणीला कोणी आलं तर राहायचं. नाही आलं तर डॉक्टरांना विकायचं. निकष शास्त्रीय नव्हता, पण सरकारी कामात मी याहून वाईट निकष सोप्या भाषेत लिहिलेले आहेत.

उपसणी म्हणजे बिअरवरचा फेस बसू लागला की पिंपातून ती पहिल्यांदा उपसतात ती संध्याकाळ. शेजारी येतात. लाकडी वाडगा हातोहात फिरतो. बिअरला नावं ठेवतात, फासळ्या खातात, मेलेल्यांच्या चुगल्या करतात. ज्या घरी उपसणी झाली ते घर त्या वर्षापुरतं खोऱ्यातलं धरलं जातं. आमंत्रण द्यायचं नसतं. आमंत्रण दिलं तर तो वाढदिवस झाला. लोक आपोआप येतात. माझ्या लहानपणी ते आपोआप आलेले मी स्वतः पाहिले होते. आपोआप म्हणजे कसे, हे विचारायचं राहून गेलं होतं.

विरजण मागायला मी ब्रीताकडे गेलो. बिअरचं विरजण, म्हणजे यीस्ट, दुकानातही मिळतं, पाकिटात. पण तसल्या बिअरला इथं कोणी तोंड लावत नाही. ब्रीता वरच्या उतारावर राहते, पंचाहत्तरीची, एकटी. विरजण संपलं की वडील तिच्याकडून आणायचे. तिनं मला बसवलं, कॉफी दिली, वाफल दिलं, वाफलवर जॅम दिला, जॅमवर साय दिली. मी मनात म्हटलं, गेलो. इतकं आपल्या माणसाला कोणी देत नाही.

"तू स्वतः घालणार?" ती म्हणाली.

"हो."

"तू?"

"मीच."

"छान," ब्रीता म्हणाली.

मग तिनं फ्रिजमधून एक बरणी काढली. तळाशी मातकट, घट्ट गाळ. "वास घे."

"संत्र्याच्या सालीसारखा येतोय."

"मग जिवंत आहे. रस अंगाइतका कोमट असताना घाल. आणि मग गार होऊ देऊ नकोस. ऊब असली तर हे बैलासारखं राबतं. गार पडलं की झोपतं."

"माझ्याकडे थर्मामीटर आहे."

"असेल. अंग पण आहे ना?" मग जरा थांबून, "आणि ओरड."

विरजण घालताना पिंपात तोंड घालून ओरडायचं असतं. जितकं मोठ्यानं ओरडाल तितकी बिअर कडक होते. हे मला ठाऊक होतं. पुढे आपल्यावर वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

"तुझा बाप ओरडला की माझ्या खिडकीची काच थरथरायची," ब्रीता म्हणाली. "हळू ओरडलास तर पाणचट होते."

"त्याला तसा काही शास्त्रीय..."

"अजून एक वाफल घे," ती म्हणाली.

अंगणाच्या टोकाला आमचं चूलघर आहे. दगडी भिंती, मध्ये चूल, चुलीवर तांब्याचा हंडा. वडील त्यात बिअर शिजवायचे. मी दार उघडून पाहिलं. हंड्याला हिरवं आलं होतं, धुराड्यात पाखरांनी घरटं करून ठेवलं होतं आणि लाकडं फोडलेली नव्हती. मी दार पुन्हा लावून घेतलं. माझ्याकडे तीन पुस्तकं होती आणि विजेवर चालणारं एक स्टीलचं भांडं मी मागवून घेतलं होतं, पुढे आकडे उजळणारं. त्याला लाकूड लागत नाही, ते धूर करत नाही आणि काम झालं की हळूच शीळ घालतं. स्वयंपाकघरात ओट्याशेजारी ते उभं केलं तेव्हा मला आपण फार पुढारलेले असल्यासारखं वाटलं.

ज्युनिपरच्या फांद्या मी उतारावरून तोडून आणल्या, निळ्या फळांसकट. गरम पाण्यात त्या टाकल्यावर पाणी चहासारखं झालं आणि घरभर रानाचा वास सुटला. त्या पाण्यात मोड आणून वाळवलेला सातू भिजत घातला. मग तो फांद्यांच्याच थरातून गाळला. खाली आला तो रस काकवीसारखा गोड. तो तासन्‌तास उकळायचा, अर्ध्याला यावा इतका. वाफेनं खिडक्या आंधळ्या झाल्या. मी मध्ये मध्ये ढवळत होतो आणि त्या भांड्याशी बोलत होतो. आधी मनात, मग मोठ्यानं. त्याचे आकडे बदलायचे, तेवढाच प्रतिसाद.

रस निवला. थर्मामीटरनं अंगाइतका म्हणून सांगितलं. मी बोटही घालून पाहिलं. दोघांचं एकमत झालं. पिंपात ओतून वर विरजण सोडलं आणि ओरडायची वेळ आली.

मी आधी खिडकी बंद असल्याची खात्री करून घेतली. मग पडदाही ओढला, जणू आवाज दिसतो. पिंपात वाकलो. सरकारी सभेत हात वर करून "एक छोटा मुद्दा होता" असं म्हणतात त्या पट्टीत मी "ए" म्हणालो. पिंपातून माझाच "ए" मला परत आला, जरा खजील होऊन. मी आणखी एकदा म्हणणार होतो, पण एकट्या माणसानं बंद खोलीत दोनदा ओरडणं ही वेगळी गोष्ट होते.

विरजण बैलासारखंच राबलं. सकाळपर्यंत पिंपावर जाड पिवळट फेसाची टोपी चढली होती, आत कोणी पावसात चालावं तसा आवाज. मी पिंपाला गोधडी गुंडाळली. त्या दिवसांत मी कामाला बसलो की कान तिकडेच. घरात आपल्याशिवाय आणखी काहीतरी चाललंय, याची मला सवय राहिली नव्हती.

मग फेस बसायला लागला आणि उपसणीची संध्याकाळ आली.

टेबलावर मी वडिलांचा लाकडी वाडगा ठेवला. फासळ्या बर्चच्या काटक्यांवर वाफवायला लावल्या, बटाटे लावले, तपकिरी चीज कापून ठेवलं. खुर्च्या कमी पडतील म्हणून माडीवरून दोन खाली आणल्या. बाहेरचा दिवा लावला. अंगणातला बर्फ इतका नीट काढला की तिथे लग्न लावता आलं असतं. मग बसलो.

ओढ्यापलीकडे ओड्विनच्या घरी दिवे होते. वर ब्रीताच्या खिडकीत दिवा होता. मध्येच गाडीचा आवाज आला आणि मी उभा राहिलो. बर्फ ढकलणारी गाडी होती. ती आमच्या फाट्याशी वळली, माझं साफ केलेलं अंगण तिच्या उजेडात एकदा लखलखलं आणि ती गेली. फासळ्या झाल्या. मी आच कमी केली. मग बंद केली. मग परत सुरू केली, कारण गार फासळ्या पाहुण्यांपुढे ठेवत नाहीत. ओड्विनकडचे दिवे मालवले तेव्हा मी वाडगा पिंपात बुडवून भरला आणि प्यायलो. गोडसर, रानाच्या वासाची, मागून संत्र्याची चव. बिअर चांगली झाली होती.

"छान," मी मोठ्यानं म्हणालो.

फासळ्या जमतील तेवढ्या खाल्ल्या. शेगडीत लाकूड न घालताच झोपायला गेलो.

सकाळी स्वयंपाकघर गारठलं होतं. पिंप निपचित. फेस नाही, आवाज नाही. वर आरशासारखी बिअर आणि तिच्यात माझं तोंड. काम झालं, असं मी समजलो. तिन्ही पुस्तकांत काम झालेल्या बिअरचं वर्णन असंच होतं. आता ती बाटल्यांत भरायची. उपसणीला लोक आले असते तर निम्मी तिथंच संपली असती. बाटल्यांची वेळच आली नसती.

चूलघरात वडिलांनी साठवलेल्या जुन्या बाटल्या होत्या, तारेच्या खटक्याचं चिनी मातीचं झाकण असलेल्या. वडिलांनी त्या कशासाठी साठवल्या कोण जाणे. त्यांच्या बिअरला बाटली कधी लागली नाही. मी त्या ब्रशनं घासल्या, उकळल्या, ओट्यावर उलट्या मांडल्या. प्रत्येकीत एक चमचा साखर, पुस्तकानं सांगितल्याप्रमाणे, म्हणजे बाटलीत फेस धरतो. रबरी नळीचं एक टोक पिंपात, दुसरं तोंडात. एक ओढ, चटकन बोट, मग बाटलीत. एका हातानं नळी दाबायची, दुसऱ्यानं बाटली सरकवायची, तिसऱ्यानं झाकण लावायचं. हे काम दोघांचं आहे असं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. ते नळी निसटून पायमोजे भिजल्यावर कळतं. संध्याकाळी सगळ्या बाटल्या चूलघरातल्या फळीवर एका ओळीत उभ्या होत्या. शिस्तीत उभी असलेली एवढी मंडळी मी खोऱ्यात आल्यापासून पाहिली नव्हती.

पुढे एकदा पत्रं घ्यायला रस्त्यावर गेलो. आमच्या सगळ्यांच्या पत्रपेट्या फाट्यावर एका फळीला ओळीनं ठोकलेल्या आहेत. ब्रीता आपल्या पेटीतला बर्फ काढत होती. हवापाण्याचं बोलून झालं. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "वास आला होता हो."

"कसला?"

"बिअरचा. चांगला आला होता. ओड्विनलाही आला."

"मग?"

"मग काय? धूर नव्हता. तुझ्या चूलघरातून धूर दिसला की आम्ही दिवस मोजतो. ओरडलेलं ऐकू आलं की पक्कं होतं. यंदा धूर नाही, ओरडणं नाही, पडदा ओढलेला. म्हटलं, बापाला जाऊन वर्ष झालं नाही. त्याला एकट्यालाच बसायचं असेल."

"मला वाटलं, तुम्हालाच यायचं नव्हतं."

"आम्हाला वाटलं, तुला नको होतं."

आम्ही दोघंही थोडा वेळ आपापल्या पेटीत पाहत राहिलो. माझ्या पेटीत दुकानाची जाहिरात होती.

"मी तर नवीन स्वेटर घालून बसले होते," ब्रीता म्हणाली. "म्हटलं, खिडकी उघडलीस, हाक मारलीस, तर निघायला उशीर नको."

"परत करू का? परवा? धूर करतो. हवा तेवढा करतो."

"उपसणी एकदाच असते. आता पुढच्या नाताळाला." मग तिला वाईट वाटलं असावं, कारण ती म्हणाली, "पण छान केलंस. विजेवर केलंस. छानच."

घरी येऊन मी विचार केला. ब्रीतानं स्वेटर घातला होता, याला 'कोणी आलं' असं म्हणता येईल का? बराच वेळ विचार केला. सरकारी पत्रकात हे बसवता आलं असतं. पण निकष मीच ठरवला होता, आणि टेबलाशी माझ्याशिवाय कोणी बसलं नव्हतं. पुढचा नाताळ फार लांब होता. मध्ये सगळा उजेड पडायचा होता, आणि उजेडात एकटं राहणं अंधारापेक्षा जास्त दिसतं. मी कंपनीच्या बाईला फोन करून सांगितलं की बहुतेक हो. शुक्रवारी पक्कं बोलू. ती म्हणाली, दोघं डॉक्टर अतिशय आनंदित होतील. कापसातूनसुद्धा तो आनंद मला ऐकू आला.

जाण्यापूर्वी शेजाऱ्यांना काहीतरी द्यावं म्हणून मी एकेक बाटली घेऊन निघालो. ब्रीतानं ती दोन्ही हातांनी घेऊन लांब धरली. "अगं बाई, बाटली! दुकानातल्यासारखी!" ओड्विन गोठ्याच्या दारात उभा होता. त्यानं बाटली वर-खाली पाहिली, झाकणाच्या तारेवर अंगठा फिरवला.

"नाताळाला उघडू," तो म्हणाला. "तळघरात ठेवतो. थँक यू. छान आहे."

तळघर म्हणजे जिथं त्याची घर गरम ठेवायची भट्टी आहे ती खोली. मला ते माहीत होतं. ती बाटली तिथं कशी वागेल ते माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी आंघोळ करून मी सामानाची खोकी भरायला बसलो होतो, इतक्यात ट्रॅक्टर अंगणात आला. घंटा वाजवणं, पाय झाडणं, "येऊ का" विचारणं, यातलं काही झालं नाही. दार उघडलं आणि ओड्विन स्वयंपाकघरात उभा होता. डोक्यावर झाडं कापताना घालतात ते शिरस्त्राण, तोंडावर जाळी, हातात कोपरापर्यंतचे मोजे. एका मोज्यात बाटलीची मान होती, झाकणासकट. बाकीची बाटली नव्हती.

"गाढवा," जाळीआडून आवाज आला.

मी उभा राहिलो.

"अरे गाढवा, हे काय भरलंस यात? दारूगोळा? तळघरात स्फोट झाला! आई म्हणते युद्ध सुरू झालं. ती जिन्याखाली जाऊन बसलीय, बाहेर यायला तयार नाही! फासळ्या टांगल्या होत्या तिथं, नाताळच्या, घरच्या मेंढीच्या. सगळ्यांत काचा घुसल्यात. आता काय खायचं आम्ही, मासे?"

"माझ्याकडे फासळ्या आहेत."

"दुकानातल्या!" ओड्विन ओरडला. "दुकानातल्या फासळ्या! नाताळाला! अरे, लाज?"

"मी पुस्तकात बघून..."

"पुस्तकात या विरजणाचं लिहिलंय? गार करून ठेवलंस ना त्याला? शेगडी विझवून झोपलास?"

"हो."

"ते झोपलं होतं. काम संपलं नव्हतं त्याचं. वर तू साखर घातलीस?"

"एक चमचा."

"साखर घातली!" तो छताकडे बघून म्हणाला, जणू तिथं साक्षीदार होते. "उबेत गेल्यावर जागं होणार नाही तर काय करणार? बाकीच्या कुठायत?"

बाकीच्या चूलघरात थंडीत होत्या म्हणून शाबूत होत्या. ओड्विननं मला वडिलांचं शिरस्त्राण शोधायला लावलं, मी ते उलटं घातलं म्हणून परत शिव्या दिल्या, आणि आम्ही दोघं चूलघराच्या दाराशी बर्फात गुडघे टेकून एकेक बाटली उघडायला बसलो. खटका सोडला की फस्सकन फेस आभाळात जायचा आणि जाळीतून तोंडावर यायचा. उरलेलं बाहेर ओढून आणलेल्या हंड्यात ओतायचं. एक बाटली मी आपल्याकडे तोंड करून धरली. त्यानं माझ्या मनगटावर फटका मारला. फटका चांगला लागला.

हंड्यात बऱ्यापैकी जमल्यावर ओड्विननं जाळी वर केली, ओंजळीनं थोडी घेतली, प्यायला. तोंड वाकडं केलं. परत घेतली.

"गोड आहे. तुझ्या बापाची अशी नव्हती."

"चांगली असायची."

"भिकार असायची. पण अशी नव्हती." त्यानं तिसऱ्यांदा ओंजळ भरली. "सगळे पीत बसायचो, दुसरं करणार काय."

मी पण ओंजळीनं प्यायलो. हिरवं आलेल्या हंड्यातून पिऊ नये असं तिन्ही पुस्तकांत आहे. नंतर मला धीर आला. "ओड्विन, ही उपसणी धरायची का रे?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "बाटलीतून? बर्फात? टोपडी घालून? अक्कल ओस्लोलाच ठेवून आलास का?"

"म्हणजे धरायची नाही."

"नाही."

त्यानं मोजे झटकले. मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणाऱ्या खोक्यांकडे पाहिलं. "विकतोयस म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"सगळ्यांनी. तू सोडून."

"तुम्ही कोणी विचारलंच नाही."

"पाहुण्याला काय विचारायचं, कधी जातोस म्हणून?" तो उठला. "मला काय करायचंय. वीक नाहीतर जाळून टाक. पण आधी माझं तळघर झाडून दे. बादली घे. आणि ब्रीताचं छत बघ जाऊन. तिनं त्याच दिवशी उघडली बाटली. डाग पडलाय एवढा मोठा. तुला बोलली नाही ती, तिला बिचारीला संकोच."

आम्ही अंगणाच्या मध्यावर आलो तर वरच्या उतारावर ब्रीता दारात उभी होती. ट्रॅक्टर आमच्याकडे आलेला तिनं पाहिला असणार.

"सापडला का?" ती वरून ओरडली.

"सापडला!" ओड्विन खालून ओरडला.

"छताचं सांगितलंस?"

"तूच सांग की! तुला तोंड नाही?"

मग ब्रीतानं दोन्ही हातांचा कर्णा केला. "ओसमुंडा! ए मूर्खा! माझं छत कोण रंगवणार?"

खोऱ्यात आवाज घुमतो. डोंगरानं तो 'मूर्खा' उचलला, पलीकडच्या डोंगराकडे फेकला, त्यानं परत पाठवला. वडिलांच्या मागे माझं नाव कोणी इतक्या मोठ्यानं घेतलं नव्हतं. मी हात वर केला.

"हात काय करतोस? बोल!" ब्रीता ओरडली.

"मी!" मी ओरडलो. "मी रंगवतो!"

"पांढरा! पिवळट नको!"

बादली आणायला आत गेलो तर फोन वाजत होता. कंपनीची बाई. शुक्रवारी बोलायचं ठरलेलं असताना आधीच फोन केल्याबद्दल तिनं माफी मागितली. डॉक्टरांचा फक्त एक प्रश्न राहिला होता, आणि तो तिला खाजगीत विचारायचा होता. "शेजारी कसे आहेत?"

बाहेरून ओड्विन ओरडला, "कोणाशी लाडीगोडी चाललीय? चल लवकर, आईला बाहेर काढायचंय!"

"तिथं कोणी ओरडतंय का?" बाईनं विचारलं.

"हो."

"सगळं ठीक आहे ना?"

"नाही," मी म्हणालो. "त्यांच्या फासळ्यांत काचा गेल्यात माझ्यामुळे. डॉक्टरांना सांगा, घर नाही विकायचं."

ती अगदी हळूच म्हणाली, "तुमच्यावर कोणी दबाव तर आणत नाहीये ना?"

"आणतायत," मी म्हणालो, आणि बादली शोधू लागलो.

ओड्विनच्या तळघरात ऊब होती आणि बिअरचा वास होता. भट्टीच्या मागे त्याची आई जिन्याखाली स्टुलावर बसली होती, मांडीवर विणकाम, मला बघून तिनं विणकाम जरा जवळ ओढलं. काचा कुठंकुठं गेल्या होत्या. मी गुडघ्यांवर बसून ब्रश मारायला सुरुवात केली. ओड्विन मागे दिवा धरून उभा राहिला.

"भिंतीकडून नाही रे," तो म्हणाला. "दाराकडून. साधं झाडता येत नाही का तुला?"

मी उठलो आणि दाराकडून सुरुवात केली.